‘रागीट’ हा शेरा पुरेसा नाही

प्रगतिपुस्तकाच्या शेवटी वर्गशिक्षकांच्या शेऱ्यासाठी दोन ओळींची जागा असते. नाशिकमधल्या माझ्या शिक्षकी पेशाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत त्या जागेत ‘हुशार आहे, पण रागीट आहे’ हे वाक्य मी किती मुलांसाठी लिहिले असेल, याची मोजदाद नाही. लिहिताना आपले काही चुकते आहे असे कधी वाटले नाही, कारण पालक सभेत तो शेरा वाचून दाखवला की आईवडीलही मान डोलावत आणि ‘घरीही असाच आहे हो बाई, अगदी आजोबांवर गेला आहे,’ असे म्हणत. शेरा लिहिणारी मी, तो ऐकणारे पालक आणि खाली मान घालून उभा असलेला मुलगा, या सर्वांचे त्या क्षणी एका गोष्टीवर एकमत झालेले असे : राग हा उंचीसारखा जन्माने मिळालेला गुण आहे आणि त्याबद्दल फार तर ताकीद देता येते. मला आज याच्या उलट म्हणायचे आहे. मुलाचा राग काहीतरी सांगत असतो. ते ऐकून घेणे, त्याला शब्द मिळवून देणे आणि दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा न करता त्या रागाचे काय करायचे हे शिकवणे, हे गणित आणि भाषा शिकवण्याइतकेच शाळेचे काम आहे. ते आपण आजवर स्वभावावर, संस्कारांवर आणि वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्या व्याख्यात्यावर सोडून देत आलो आहोत.

हे मला ज्या प्रसंगातून कळले तो सांगितलाच पाहिजे. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात बागलाण तालुक्यातून आलेला एक मुलगा होता. वडिलांना सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाले म्हणून कुटुंब शहरात आले होते. घरी अहिराणी बोलत असत. एकदा गणित सोडवताना तो ‘माले समजनं नही’ असे म्हणाला आणि मी हसत हसत ‘माले नाही रे, मला’ अशी दुरुस्ती केली. वर्ग हसला. त्या दिवसापासून त्याचे नाव ‘माले’ पडले. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळावर, रिक्षातून घरी जाताना, सगळीकडे ‘ए माले’. दोनेक महिने त्याने ते सोसले आणि एके दिवशी मागच्या बाकावरच्या मुलाला कंपासपेटी फेकून मारली. त्या मुलाच्या भुवईवर टाके पडले. मी ‘माले’ला दोन दिवस व्हरांड्यात उभे केले आणि वडिलांना बोलावून घेतले. पाळी सोडून, पगार बुडवून आलेल्या त्या माणसाने माझ्यासमोरच मुलाच्या दोन थोबाडीत दिल्या, आणि मी त्यांना अडवले नाही. त्या हाकेविषयी मला कळले ते पुढच्या आठवड्यात, त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाकडून. ती हाक माझ्याच दुरुस्तीतून जन्मली होती. त्या मुलाचा हात चुकला होता, हे मी आजही म्हणेन. त्याचा राग मात्र चुकलेला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची सवय मला नव्हती, आणि बहुतेक शाळांना ती आजही नाही.

राग आल्यावर शरीरात काय होते, हे पाचवी-सहावीच्या मुलांना सहज सांगता येते आणि ती ते कान देऊन ऐकतात. मेंदूच्या आत खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो; धोका किंवा अपमान जाणवला की पुरता विचार होण्याआधीच तो शरीराला जागे करतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात उतरते, छाती धडधडू लागते, श्वास उथळ आणि जलद होतो, मुठी आवळल्या जातात. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की ही लढण्याची किंवा पळण्याची तयारी आहे, आणि ती आपल्याला वाचवण्यासाठीच असते. याउलट परिणामांचा विचार करून आवरते घेणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो. म्हणजे बारा वर्षांच्या मुलाजवळ आग पेटवणारी यंत्रणा पूर्ण असते आणि ती विझवणारी अजून घडत असते. चढलेले शरीर उतरायला काही मिनिटे लागतात, कधी अर्धा तासही लागतो. भांडण सोडवल्याबरोबर ‘का मारलेस? बोल, आत्ताच्या आत्ता बोल,’ असे आपण दरडावतो तेव्हा मुलाला खरोखरच बोलता येत नसते, आणि आपण त्याच्या गप्प राहण्याला उर्मटपणा समजतो. त्याला पाणी द्यावे, व्हरांड्यातून एक चक्कर मारू द्यावी, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायला सांगावा, कारण लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. आणि चौकशी पुढच्या तासाला करावी. एवढ्या एका बदलाने शाळेतले निम्मे खटले वेगळ्या वळणाने जातील असे मला अनुभवाने वाटते.

यापेक्षाही मोठे काम भाषेचे आहे. आपल्या मराठीत रागाची केवढी घराणी नांदतात, हे एकदा फळ्यावर लिहून पाहावे. रुसव्यात नाते तुटलेले नसते, समजूत काढली जाण्याची वाट पाहिली जात असते. चीड अन्यायाची येते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा झाली की वैताग येतो. त्राग्यात माणूस दुसऱ्यावरचा राग स्वतःवर काढतो, जेवत नाही, आपलीच वही फाडतो. धुसफूस बोलून दाखवली जात नाही. फणकारा क्षणाचा असतो, आकस एकाच माणसाविरुद्ध साठत जातो आणि डूख धरणारा संधीची वाट पाहतो. संतापात अंग थरथरते. यांतल्या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे : रुसव्याला जवळ घ्यावे लागते, चिडीला न्याय द्यावा लागतो, वैतागाला विश्रांती. पण आजच्या वर्गात मुलांना विचारले तर ‘सटकली’, ‘डोकं फिरलं’ आणि ‘टेन्शन आलं’ यांच्यापलीकडे फारसे शब्द येत नाहीत. ज्याच्याकडे एकच शब्द असतो त्याला प्रत्येक वेळी एकच राग येतो आणि त्याचा शेवटही एकाच प्रकारे होतो.

नोकरीच्या उत्तरार्धात मी दर शनिवारी एक तास या शब्दांसाठी ठेवू लागले. सहावीतल्या एका मुलीने पहिल्याच तासाला सांगितले, ‘बाई, मला राग नाही येत, मला वैताग येतो. वडील रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून घरात हसायचंसुद्धा नाही.’ सातपूर-अंबडच्या कारखान्यांत तीन पाळ्यांत काम करणाऱ्या कितीतरी घरांचे ते वर्णन होते, आणि त्यात वडिलांचा दोष नव्हता, मुलीचाही नव्हता. तिच्या चिडचिडीला योग्य नाव मिळाले, तेव्हा तोडगाही दिसला : शाळा सुटल्यावर तासभर वाचनालय उघडे ठेवायचे. भावनेला नाव दिल्याने ती थोडी निवते, हा केवळ शिक्षकांचा अनुभव नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मेंदूच्या प्रतिमांवरील संशोधनात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत ओळखताना मेंदूतल्या त्या बदामी भागाची सक्रियता कमी होते असे दिसून आले. आणि हे नाव प्रमाण मराठीतच असले पाहिजे असा आग्रह कोणी धरू नये. पेठ-सुरगाण्याच्या मुलाला कोकणा बोलीत आणि सटाणा-कळवणच्या मुलाला अहिराणीत आपला संताप सांगू द्यावा. राग आला असताना माणूस घरच्या भाषेकडेच धावतो. मी त्या सातवीतल्या मुलाची नेमकी तीच वाट बंद केली होती.

मराठीचे व्याकरण या कामात आपल्या बाजूचे आहे. आपण ‘मला राग आला’ असे म्हणतो. राग येतो आणि जातो, आपण जागच्या जागी असतो. ‘मी रागीट आहे’ म्हटले की ही येण्याजाण्याची वाट बुजते. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तपश्चर्या केली असे परंपरा सांगते. त्यांनी ‘रे मना’ अशी हाक मारून मनाला क्रोधापासून दूर राहायला सांगितले, ते श्लोक आजही अनेक घरांत दिवेलागणीला म्हटले जातात. त्या हाकेत मला एक शहाणी रीत दिसते. मनाला समोर बसवून त्याच्याशी बोलणारा माणूस म्हणजे ते मन नव्हे, त्या मनाकडे पाहणारा कोणीतरी आहे. दहा वर्षांच्या मुलालाही ‘माझ्या मनात आत्ता राग आला आहे, तो पोटात आहे की डोक्यात?’ असे स्वतःला विचारता येते.

याच्या जोडीला एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. ‘राग साठवू नकोस, उशीवर बुक्के मार, मैदानात जाऊन काढ’ असा सल्ला पुष्कळदा दिला जातो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहाशे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आधी डिवचले गेले होते. ज्याच्यावर राग आला त्याचा विचार करत ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त वाढला आणि जे काहीही न करता बसून राहिले ते सर्वांत कमी आक्रमक ठरले. खेळ मुलांना हवाच, खो-खो आणि कबड्डीचे तास कापणाऱ्या शाळांशी मी आयुष्यभर भांडले आहे, पण खेळ हा राग ओतण्याचा हौद नव्हे.

नाशिककरांना इगतपुरीची वाट दूर नाही. तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रामुळे आनापान, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या श्वासाकडे शांतपणे लक्ष देण्याचा सराव, आपल्या अनेक शाळांत पोचला आणि राज्य सरकारनेही ‘मित्र उपक्रम’ या नावाने तो शाळांमध्ये आणला. ज्या शाळांत तो मनापासून होतो तिथे त्याचा उपयोग मी पाहिला आहे. तरीही माझा एक आक्षेप आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. ज्या वर्गात एखाद्या मुलाला दररोज ‘माले’ म्हणून हाक मारली जाते, त्या वर्गात त्याला फक्त डोळे मिटून श्वास पाहायला शिकवणे म्हणजे मुकाट्याने सोसायला शिकवणे होय. शाळेला शांत वर्ग आवडतो. शांत वर्ग आणि न्याय्य वर्ग एकच असतात असे नाही. राग शमवण्याच्या नावाखाली आपण मुलांची चीडच मारून टाकली, तर त्यांच्याकडून मोठेपणी अन्यायाला विरोध होण्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार?

पंचवटीतल्या काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला सत्याग्रह सुमारे पाच वर्षे चालला, आणि दादासाहेब गायकवाड यांच्यासारख्या नाशिकच्या कार्यकर्त्यांनी तो नेटाने चालवला. शतकानुशतके मंदिराबाहेर ठेवल्या गेलेल्या माणसांचा तो राग होता. दगड अंगावर येत असताना तो राग रांगेत, शिस्तीत आणि मागणीच्या शब्दांत उभा राहिला. मी मुलांना दरवर्षी त्या मंदिराच्या सहलीला नेत असे आणि तिथे देवदर्शनाच्या आधी हे सांगत असे. राग आवरणे आणि राग गिळणे यांतला फरक त्या दारासमोर उभे राहून जेवढा समजतो तेवढा कोणत्याही पाठातून समजत नाही.

मुलींबद्दल वेगळे लिहायला हवे. मुलाच्या रागाला निदान शिक्षा तरी होते; मुलीचा राग दिसूच दिला जात नाही. ‘मुलीच्या जातीला हे शोभत नाही’ हे वाक्य ऐकत वाढलेली मुलगी आदळआपट करत नाही. ती अबोला धरते, डबा तसाच परत नेते, कधी स्वतःच्या मनगटावर ओरखडे काढते, आणि शेऱ्याच्या जागी तिला ‘शांत व आज्ञाधारक’ असे मिळते. माझ्या मते तो शेरा कित्येकदा ‘रागीट’पेक्षाही अधिक काळजीचा असतो.

हे सारे शिकवायचे कोणी? प्रश्न इथे मोठ्यांकडे वळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये केलेला प्रयोग शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासलेला असतो : मोठ्या माणसाला बाहुल्याला बदडताना पाहिलेली लहान मुले संधी मिळताच तेच करू लागली, तशाच शब्दांसह. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली. छडी बऱ्याच शाळांतून गेली, जीभ राहिली. ‘गाढवा’, ‘तुझ्या बापानं कधी शाळा पाहिली होती का’, ‘तुझ्या बहिणीकडे बघ जरा’ ही वाक्ये मानसिक छळात मोडतात, हे शिक्षकांच्या खोलीत बोलून पाहावे, म्हणजे किती जणांना नवल वाटते ते कळेल. याउलट ‘मला आत्ता राग आला आहे, मी दोन मिनिटे थांबून बोलते’ असे एखादी बाई वर्गासमोर म्हणते, तेव्हा चाळीस मुले एक पूर्ण धडा शिकतात. त्या सातवीतल्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली, ती फार उशिरा, दिवाळीच्या सुट्टीनंतर. तो काही बोलला नाही. वर्गातली ती हाक मात्र हळूहळू बंद झाली.

‘आम्ही मार खाऊन मोठे झालो, आमचे काय वाईट झाले?’ असे विचारणारे पालक प्रत्येक सभेत भेटतात आणि ते प्रामाणिकपणे विचारत असतात. त्यांना मी एवढेच सांगते की मार खाऊनही शाळेत टिकलेले आज पालक सभेच्या खुर्चीवर आहेत. त्याच माराने शाळा सोडून गेलेले या सभेला येत नाहीत, म्हणून त्यांचे उत्तर आपल्याला ऐकू येत नाही. सिडको किंवा पंचवटीतल्या किशोरवयीन मुलांच्या हाणामारीची बातमी आली की आपण पोलिसांनी धाक बसवावा अशी मागणी करतो. धाक लागेलही. पण त्या मुलांच्या हातात हत्यार येण्याआधी सात-आठ वर्षे ती कोणत्या ना कोणत्या वर्गात बसलेली होती.

शिक्षकांवर आधीच ओझे आहे, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलकेपणाने घेत नाही. मतदार यादीपासून पोषण आहाराच्या नोंदींपर्यंत आणि रोज मागवल्या जाणाऱ्या ऑनलाइन माहितीपर्यंत सगळे त्यांच्याच डोक्यावर असते. म्हणूनच माझी मागणी आणखी एका उपक्रमाची नाही. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ राज्यात २०२४ मध्ये जाहीर झाला आहे, त्यात भावनांविषयीच्या कामाला जागा आहे. ती जागा रांगोळी स्पर्धेने भरून काढू नये. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत योजनेच्या २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची योजना आहे आणि भावनिक आरोग्य हा तिच्या विषयांपैकी एक आहे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, पातळीवरील शिक्षण परिषदेत याविषयी तासभर बोलता येते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ या दोन्हींची मुख्यालये नाशकात आहेत. शिक्षकांना दूरस्थ शिक्षण देणारी एक संस्था आणि मनोविकारतज्ज्ञ घडवणारी दुसरी, यांनी मिळून आपल्याच जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी मराठीतून एक लहान अभ्यासक्रम करणे अशक्य नाही.

मात्र सगळेच शिक्षकाने पेलण्यासारखे नसते. जे मूल महिनोन्महिने धुमसत राहते, स्वतःला इजा करते, मुक्या जनावरांना छळते किंवा एकदम बोलणेच बंद करते, त्याला प्रशिक्षित माणसाची गरज असते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवायला हवेत, आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळायला हवे. शहरातल्या मोठ्या खासगी शाळांना हे परवडते. महापालिकेच्या शाळांचे काय, आणि सहाव्या-सातव्या वर्षी घर सोडून आश्रमशाळेत राहायला येणाऱ्या मुलांचे काय? या आश्रमशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात ते आदिवासी विकास आयुक्तालय याच शहरात आहे. आईबाप द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेले, बोलीभाषा वेगळी, रात्री रडू आले तर जवळ घेणारे कोणी नाही, अशा मुलाचा राग ओळखणारा एकही प्रशिक्षित माणूस निवासी शाळेत नसणे मला समर्थनीय वाटत नाही. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात रस्ते, पूल आणि घाटांची कामे होत आहेत आणि ती व्हावीत. त्याच शहराला आपल्या शाळांसाठी, निदान दर केंद्राला एक याप्रमाणे, फिरते समुपदेशक नेमणे जड जाऊ नये. तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ आणि चाइल्डलाइन या मुलांच्या मदतवाहिनीचा १०९८ हे क्रमांक प्रत्येक शाळेच्या फलकावर मुलांना वाचता येतील एवढ्या मोठ्या अक्षरांत असावेत.

पालकांच्या हाती यातले बरेच काही आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि शाळा विकास आराखडा तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. त्या आराखड्यात वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, संरक्षक भिंत यांच्या मागण्या नेहमी असतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर होणाऱ्या पहिल्या सभेत समुपदेशकाची मागणी, शिक्षकांच्या दोन प्रशिक्षणांच्या तारखा आणि प्रगतिपुस्तकातल्या शेऱ्यांच्या भाषेवर चर्चा, हे तीन विषय कोणत्याही पालकाला लेखी देऊन विषयपत्रिकेवर घेता येतात.